वाढत्या अंगाची बंदूक

आमच्या लहानपणी सगळं काही वाढत्या अंगाचं असे. जून महिन्यात गणवेशाचं कापड घेऊन शिंप्याकडे गेलं, की वडिलांची एकच सूचना असे, "वाढत्या अंगाचा शिवा." त्यामुळे पहिलं वर्ष आम्ही त्या खाकी चड्डीत जणू भाड्यानं राहायचो, दुसऱ्या वर्षी ती नीट बसायची आणि तिसऱ्या वर्षी धाकट्या भावाला वाढत्या अंगाची व्हायची. चपला, स्वेटर, सायकल, सगळ्यांना हाच न्याय. पुढे बँकेत नोकरी लागली, स्वतःच्या मुलाला कपडे घ्यायची वेळ आली, तेव्हा मीही दुकानदाराला तेच वाक्य ऐकवलं. ओढगस्तीनं शिकवलेलं शहाणपण पगार वाढला म्हणून सुटत नाही.

पण हेच वाक्य मी एके दिवशी बंदुकीच्या दुकानात उभा राहून म्हणेन, आणि तेही तेरा वर्षांच्या नातीसाठी, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला पाणी पाजून घरी पाठवलं असतं.

झालं ते असं. २०२२च्या ऑगस्टमध्ये आम्ही दोघं मुलाकडे अमेरिकेत गेलो. तो विस्कॉन्सिन राज्यात राहतो, मॅडिसन या राजधानीपासून तासाभरावर, बाराबू गावाच्या बाजूला. सभोवार मक्याची आणि सोयाबीनची शेतं, मधूनमधून ओकची झाडी, गाईंचे लांबलचक गोठे. पोचल्याच्या दुसऱ्याच रात्री जेवताना नातीनं जाहीर केलं, की या नोव्हेंबरात ती हरणाच्या शिकारीला जाणार आहे. वर्गातल्या कितीतरी मुली जातात. सरकारी सुरक्षा-कोर्स तिनं उन्हाळ्यातच पुरा केलेला आहे. आता फक्त रायफल घ्यायची राहिली आहे.

सौ.नं हातातला घास ताटात ठेवला. "हरणाची?" एवढंच तिनं विचारलं. त्या एका शब्दात कण्वमुनींच्या आश्रमापासून सीतेच्या सुवर्णमृगापर्यंत सगळं आलं. मी मुलाकडे पाहिलं. तो वरणात लिंबू पिळत होता.

आपल्याकडे हा विषय केव्हाच मिटलेला आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीवर लगाम घातला आणि १९९१च्या दुरुस्तीनं हौसेच्या शिकारीचं दार पूर्ण बंद केलं. माझा बंदुकीशी संबंध आला तो केवळ बँकेमुळे. विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी मी शाखा व्यवस्थापक होतो. शाखेच्या दारात एक निवृत्त सैनिक बारा बोअरची दुनळी मांडीवर घेऊन स्टुलावर बसे. परवान्याचं नूतनीकरण, काडतुसांची मोजदाद, सगळ्या कागदांवर सही माझी. एकदा तो रजेवर असताना बदलीवर आलेल्या माणसानं बंदूक भिंतीला टेकवली आणि बार उडाला. कॅशियर टेबलाखाली, ग्राहक रस्त्यावर आणि छताला ताटाएवढं भगदाड. नशिबानं कुणाला लागलं नाही. आमचा नेहमीचा गार्ड परतल्यावर त्या भगदाडाकडे बघत म्हणाला, "साहेब, बंदूक मोडून ठेवायची असते. मिटलेली बंदूक रिकामी आहे, हे नुसतं तोंडी सांगणं झालं." मोडणं म्हणजे नळ्या बिजागरीवर खाली वाकवून बंदूक उघडी करणं. मग काडतूस आहे की नाही, हे चार पावलांवरच्या माणसालाही दिसतं. हे वाक्य मी तीसेक वर्षं सांभाळून ठेवलं होतं. ते अमेरिकेत उपयोगी पडलं.

मुलानं मला एका रविवारी आल्डो लिओपोल्डची झोपडी दाखवायला नेलं. विस्कॉन्सिन नदीच्या काठी, बाराबूपासून जवळच ती आहे. या प्राध्यापकानं १९३५ साली इथं एक नापीक, वाळूची जमीन विकत घेतली, कोंबड्यांचं खुराडं दुरुस्त करून त्यात कुटुंबाला राहायला आणलं आणि झाडं लावत राहिला. पर्यावरणाचा विचार करणारे आज जगभर त्याचं नाव घेतात. तो स्वतः शिकारी होता. तरुणपणी त्याला वाटे, लांडगे मारले की हरणं वाढतील आणि शिकाऱ्याची चैन होईल. लांडगे मारले गेले, हरणं वाढली आणि त्यांनी डोंगरावरची कोवळी झाडी खाऊन संपवली. मग तीच हरणं उपाशी मेली. आपली चूक त्यानं उघडपणे लिहून ठेवली.

अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा हिशेब चमत्कारिक आहे. बाजारासाठी झालेल्या बेसुमार कत्तलीमुळे १९००च्या सुमारास सबंध देशात ती पाच लाखांच्या आत उरली होती. आज त्यांचा अंदाज तीन कोटींच्या घरात केला जातो. ती परत आली त्यात शिकाऱ्यांच्याच पैशाचा मोठा वाटा आहे. १९३७च्या एका कायद्यानुसार रायफली आणि काडतुसांवरचा ११ टक्के कर वन्यजीवांसाठी राज्यांना वाटला जातो. आता लांडगे नाहीत अशा भागात हरणं शेतात शिरतात, मोटारींवर आदळतात. रोही आणि रानडुकरांनी उभं पीक झोपवल्यामुळे थकलेली पीककर्जं मी पाहिली आहेत. रात्रभर माचाणावर पत्र्याचे डबे वाजवणारा शेतकरी पाहिला आहे. त्यामुळे मला मुलाचं म्हणणं निम्मं पटलं. सौ.ला मुळीच पटलं नाही. तिची भीती हरणापलीकडची होती. "घरात बंदूक आणि वयात येणारी पोर," ती म्हणाली, "रोज बातम्या बघता ना?" ते खोटं नव्हतं. २०२० साली अमेरिकेत १ ते १९ या वयात मृत्यूचं पहिलं कारण बंदूक ठरली होती. त्यात अपघात होते, खून होते, आत्महत्या होत्या.

अशा वातावरणात आम्ही दुकानात गेलो. भिंतभर रायफली, छत्र्यांच्या दुकानात छत्र्या लावाव्यात तशा. मुलाच्या कचेरीतल्या एका सहकाऱ्यानं सल्ला दिला होता, थर्टी-ऑट-सिक्स घे, जन्मभर दुसरी लागणार नाही. हे आकडे मी समजून घेतले. तीस म्हणजे गोळीची जाडी, इंचाचे तीस शतांश, आणि सहा म्हणजे १९०६ साल. त्या वर्षी अमेरिकन सैन्यानं हे काडतूस घेतलं. हरणाला पुरून अस्वलाला, एल्कलाही पुरणारं. मला तो सल्ला एकदम ओळखीचा वाटला. मी मुलाला मराठीत म्हणालो, "वाढत्या अंगाची घे. पोर काय, दोन वर्षांत उंच होईल."

आमच्याबरोबर शेजारचे एक गृहस्थ आले होते. वय अठ्ठ्याहत्तर, जन्मभर गाईंचा धंदा केलेला. मी त्यांना मनातल्या मनात गोठेवाले आजोबा म्हणत असे. नात शिकार करणार होती ती त्यांच्याच रानात. माझं वाक्य त्यांनी मुलाकडून भाषांतरित करून घेतलं आणि मान हलवली. म्हणाले, "ती अठराव्या वर्षी नाही, या नोव्हेंबरात गोळी झाडणार आहे." आणि दुकानदाराला नमस्कार करून त्यांनी आम्हा सगळ्यांना रिकाम्या हातानं बाहेर काढलं.

पुढच्या शनिवारी त्यांनी आम्हाला नेमबाजीच्या मैदानावर बोलावलं. मुलानं सहकाऱ्याची थर्टी-ऑट-सिक्स मागून आणली होती. आजोबांनी ती पाहुण्याला मान म्हणून माझ्यापुढे धरली, तेवढ्यात मुलगा ओरडला, "बाबा, हात लावू नका!" तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाला बंदूक बाळगायला तिथला केंद्रीय कायदा मनाई करतो. काही अपवाद आहेत, शिकारीचा परवाना हा त्यातला एक. माझ्याकडे परवाना नव्हता. मी हात पाठीमागे बांधून उभा राहिलो आणि नियम पाळल्याचं जुनं समाधान मिळवलं.

नातीनं कानांवर टोप्या चढवल्या, बाकावर बसली आणि तीन बार काढले. तिसऱ्यानंतर तिनं खांदा चोळला, पण तक्रार केली नाही. चौथ्या वेळी आजोबांनी काडतूस स्वतः भरलं. तिनं नेम धरला, चाप ओढला. आवाज झालाच नाही. त्यांनी आत खोटं काडतूस घातलं होतं. पण बार न उडताही नळीचं तोंड हातभर खाली गेलं होतं आणि पोरीचे डोळे घट्ट मिटलेले होते.

कुणी काही बोललं नाही. तिला स्वतःलाच दिसलं. धक्का येणार हे शरीराला कळलेलं होतं आणि ते आधीच दचकलं होतं. आजोबा म्हणाले, ही भित्री नाही. हे कुणाचंही होतं, आणि एकदा खोड लागली की वर्षानुवर्षं जात नाही. मग त्यांनी आपली गोष्ट सांगितली. बाराव्या वर्षी त्यांना काकांची हीच थर्टी-ऑट-सिक्स मिळाली होती, 'मोठा झालास की बसेल' म्हणून. पहिल्याच हरणावर ते असेच दचकले. गोळी पोटात बसली. काळोख पडेपर्यंत बापलेक रक्ताच्या थेंबांमागे फिरले. हरीण सापडलं नाही. छपन्न सालची गोष्ट सांगताना ते मैदानाकडे बघत नव्हते, आपल्या बुटांकडे बघत होते.

सैल चड्डीचा त्रास चड्डी घालणाऱ्यालाच होतो. बंदूक मापाची नसली, तर तो त्रास भोगणारा दुसराच असतो, आणि त्याला दुकानात विचारलेलं नसतं. माझ्या सगळ्या हिशेबात ही एक नोंद राहून गेली होती.

त्यानंतर निवड उलट्या टोकानं सुरू झाली. आधी हरीण. हे जनावर साधारण आपल्या चितळाएवढं. पुढच्या पायामागे हृदय आणि फुप्फुसं असतात, ती जागा एका लहान ताटलीएवढी. तिथे गोळी बसली तर ते काही क्षणांत संपतं. झाडीतलं हरीण बहुधा शंभर यार्डांच्या आत दिसतं. तेवढ्या अंतरावर, थंडीनं बोटं आखडलेली असताना, छाती धडधडत असताना, त्या ताटलीत गोळी घालता आली पाहिजे. याला पुरेल तेवढीच ताकद हवी. मला कर्जमंजुरीची आठवण झाली. अर्जदाराला किती हवं आहे हे मागाहून, किती पेलेल हे आधी.

दोन काडतुसं विचारात राहिली. १९५२ साली बाजारात आलेल्या थ्री-ओ-एट काडतुसाची ही दोन धाकटी भावंडं, मूळ नळकांडं तेच, तोंड आवळून लहान गोळी बसवलेली. एक टू-फॉर्टी-थ्री, १९५५चं. दुसरं सेव्हन-एमएम-ओ-एट, १९८०चं. दुसऱ्याची गोळी जड, चुकीला थोडी जास्त माफी देणारी, पण धक्काही जास्त. पहिल्याचा धक्का थर्टी-ऑट-सिक्सच्या जवळपास निम्मा. शिवाय एक अट : शंभर ग्रेनच्या आसपासची, म्हणजे साडेसहा ग्रॅमची, हरणासाठी बनवलेली मऊ टोकाचीच गोळी वापरायची. याच काडतुसात लहान जनावरांसाठी पातळ गोळ्याही मिळतात, त्या वरवरच फुटतात आणि हरीण जखमी होऊन पळतं. नात दोन्ही झाडून आली आणि टू-फॉर्टी-थ्रीवर थांबली. खोट्या काडतुसावर तिची नळी हलली नाही.

मग माप. दस्त्याच्या टोकापासून चापापर्यंतची लांबी मोठ्यांच्या रायफलीत साडेतेरा इंचांच्या आसपास असते. नातीला बारा इंच पुरत होते. लांब दस्ता असला की मान पुढे ताणावी लागते, खांदा मागे जातो, आणि दुर्बिणीची कड भुवईवर बसते. नंतर आजोबांनी एक खेळ केला. दोन्ही हात पुढे करून तळव्यांचा त्रिकोण कर, त्यातून तो खांब बघ, आता एकेक डोळा मीट. उजवा उघडा ठेवला की खांब गायब, डावा उघडा ठेवला की जागच्या जागी. पोर उजव्या हाताची, पण तिचा मुख्य डोळा डावा. तिच्या आईबापांना, मला, कुणालाच तेरा वर्षांत हे माहीत नव्हतं. नवशिक्यानं डोळा ज्या बाजूचा त्या खांद्यावर शिकावं, हे त्यांचं मत. पण बहुतेक रायफलींचा खटका उजव्या हाताला असतो. डावखुऱ्यांसाठीच्या मिळतात, त्यातही लहान मापाच्या थोड्या.

उत्तर निघालं ते सगळ्यात साध्या बंदुकीत. एकनळी, एका वेळी एकच काडतूस, मधोमध बिजागरी. डाव्या-उजव्याचा प्रश्न नाही. घोडा बाहेर, अंगठ्यानं ओढल्याशिवाय बार नाही. दुकानदारानं ती मोडून काउंटरवर ठेवली आणि मला विदर्भातला तो स्टूल दिसला. मी मुलाला गार्डचं वाक्य सांगितलं. नात म्हणाली, कोर्समध्येही पहिला नियम तोच, प्रत्येक बंदूक भरलेलीच समजायची. बाकीचे तीनही तिनं म्हणून दाखवले : तोंड कायम सुरक्षित दिशेला, आपण कशावर आणि त्याच्यापलीकडे काय आहे याची खात्री, झाडेपर्यंत बोट चापाच्या बाहेर. मुलाला एकच शंका होती, दुसरी गोळी लागली तर? ती शंका रास्त होती. जखमी जनावराला दुसरी गोळी तत्परतेनं द्यावी लागते आणि एकनळी तिथे मंद पडते. आजोबा म्हणाले, म्हणूनच पहिली जपून झाडली जाते.

खरेदीचा फॉर्म मी आस्थेनं वाचला. तुम्ही स्वतःच खरे खरेदीदार आहात का, हा प्रश्न त्यात ठळकपणे आहे. आपल्याकडे ज्याला बेनामी व्यवहार म्हणतात, तो तिथे गुन्हा, पण बापानं स्वतःच्या पैशानं मुलीला भेट देणं चालतं. १९९८पासून सुरू असलेल्या केंद्रीय तपासणीत मुलाचं नाव पाहिलं गेलं आणि काही मिनिटांत होकार आला. इतक्या झटपट आमच्या शाखेत बचत खातंसुद्धा उघडत नसे. ते मला बरं वाटलं की वाईट, हे मी अजून ठरवलेलं नाही.

सौ.च्या भीतीवर मात्र इलाज मी काढला. बँकेची तिजोरी कधी एका किल्लीनं उघडत नाही. दोन किल्ल्या, दोन अधिकारी. मी मुलाला बसवून सांगितलं, बंदूक एका कपाटात, त्याची किल्ली तुझ्याकडे. काडतुसं दुसऱ्या कपाटात, त्याची किल्ली सूनबाईकडे. नातीकडे एकही नाही. कुणी कुणाची किल्ली 'जरा वेळ' सांभाळायची नाही. बँकांतल्या घोटाळ्यांची सुरुवात तिथूनच होते. सौ.नं दोन्ही कपाटं स्वतः ओढून पाहिली. ती राजी झाली नाही, पण तिचं बोलणं थांबलं.

सप्टेंबर-ऑक्टोबरभर नात आजोबांच्या जुन्या पॉइंट टू-टूवर नेम शिकली. त्या चिमुकल्या काडतुसानं हरीण मारायला विस्कॉन्सिनात बंदी आहे, पण शिकायला त्यासारखं काही नाही. धक्का नाही, आवाज बेताचा, खर्च थोडा. मोठ्या रायफलीचे दिवसाला दहाच बार. दुर्बीण आधी पंचवीस यार्डांवर, मग शंभरावर जुळवून घेतली. बसून, गुडघ्यावर, झाडाला टेकून. "जिथून दहातल्या दहा ताटलीत पडतात, तेवढंच तुझं अंतर," असं तिला बजावलं होतं. ते सत्तर यार्ड निघालं. तिनं ते वहीत लिहून ठेवलं.

१९ नोव्हेंबरला नऊ दिवसांचा हंगाम सुरू झाला. त्या वर्षी राज्यात साडेपाच लाखांच्या आसपास लोकांनी परवाने काढले होते. पहाटे चारला बापलेक भडक नारिंगी जाकिटं चढवून निघाले. मी खिडकीतून दिवा दिसेनासा होईपर्यंत पाहिलं. दुसऱ्या दिवशी एक मादी पन्नास यार्डांवर उभी राहिली, पण ती टेकाडाच्या माथ्यावर होती, मागे नुसतं आकाश. चुकलेली गोळी कुठे जाईल हे सांगता येत नव्हतं. नातीनं घोडा हलकेच खाली घेतला. हे तिनं मला सहज सांगितलं, रस्ता ओलांडण्याआधी थांबले, असं सांगावं तसं.

शेवटच्या शनिवारी तिनं एक मादी मारली. एकच गोळी. ती चाळीसेक पावलं धावली आणि पडली. घरी आल्यावर नात जाकीट न काढता ओसरीच्या पायरीवर बसून राहिली. माझ्याशी बोलली नाही. सौ. बाहेर गेली, तिच्याजवळ बसली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "आधी डोक्यावरनं आंघोळ कर. मग जेव." पोर उठून गेली. त्या घरात त्या दिवशी याहून योग्य वाक्य दुसरं नव्हतं.

तिथल्या हरणांमध्ये २००२पासून मेंदू पोखरणारा एक रोग आढळतो. माणसाला तो झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण तपासणीचा निकाल येईपर्यंत मांस खाऊ नये, असा आरोग्य खात्याचा सल्ला आहे. नमुना देऊन आम्ही चेक वटण्याची वाट पाहावी तशी वाट पाहिली. निकाल चांगला आला. सौ.नं तोंडात घातलं नाही, पण वाटण तिनंच करून दिलं. मी खाल्लं. प्रत्येक घासाला ते काय आहे हे ठाऊक असलेलं माझ्या आयुष्यातलं ते पहिलं मटण.

२०२३च्या दसऱ्याला नातीचा फोन आला. सोनं घ्या, आजोबा, वगैरे झाल्यावर म्हणाली, "माझी उंची तीन इंच वाढली. बाबांनी दस्त्याला मागून पाऊण इंचाची रबरी गादी बसवून आणली."

मी म्हटलं, "बरं केलं." पलीकडे सौ. फोनसाठी हात पुढे करून उभी होती. तिला एकच विचारायचं होतं, किल्ल्या अजून दोन ठिकाणी आहेत ना.